‘साठ हजार भरा, पोलिसात लागा’: या मेसेजमधला हिशेब

अभ्यासिकांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतो आहे. मजकूर थोडक्यात असा: ‘बारावीनंतर एक वर्षाचा क्रिमिनल जस्टिस सर्टिफिकेट कोर्स करा. फी ६० हजार, हप्त्यांची सोय. पोलीस, सीआयडी, फॉरेन्सिक लॅबमध्ये प्राधान्य. सुरुवातीलाच ४० हजार पगार, फी दोन महिन्यांत वसूल. नव्या कायद्यामुळे प्रचंड मागणी. कोर्स सरकारमान्य.’ मागच्या आठवड्यात माझ्या एका विद्यार्थिनीच्या वडिलांनी तो मला पाठवला. खाली एकच ओळ होती: ‘सर, पोरीला घालू का?’ फोनवर त्यांना जे सांगितलं तेच इथे लिहितो.

‘पोलीस भरतीत प्राधान्य.’ नाही. महाराष्ट्रात पोलीस शिपाई व्हायला बारावी पास लागतं. आधी ५० गुणांची मैदानी चाचणी: मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक. त्यातून पुढे गेलात तर १०० गुणांचा पेपर: अंकगणित, बुद्धिमत्ता, मराठी व्याकरण, सामान्य ज्ञान. या १५० गुणांत क्रिमिनल जस्टिसच्या सर्टिफिकेटला एकही गुण नाही. एनसीसीच्या ‘सी’ प्रमाणपत्राला जादा गुण मिळतात, चालक शिपाई व्हायचं तर वाहन परवाना लागतो; म्हणजे उपयोगी पडणारे कागद आहेत, पण ते वेगळे. २०२४ च्या भरतीत १७ हजारांवर जागांसाठी १७ लाखांवर अर्ज आले होते. जिथे एकेका गुणाने मुलं बाहेर पडतात, तिथे शून्य गुणांच्या कागदासाठी वर्ष घालवायला सांगणं मला अन्यायाचं वाटतं. फौजदार व्हायचं तर एमपीएससी आहे आणि तिला कुठल्याही शाखेची पदवी चालते.

सीआयडीचं तर एका वाक्यात संपतं. सीआयडी हा पोलीस दलाचाच भाग आहे आणि तिथले तपास अधिकारी दलातूनच बदलीने येतात.

‘सुरुवातीलाच ४० हजार, फी दोन महिन्यांत वसूल.’ बहुतेक घरं फसतात ती इथे, कारण हा आकडा हवेतला नाही. शिपायाचं मूळ वेतन २१,७०० पासून सुरू होतं; महागाई भत्ता, घरभाडे भत्ता धरला की रक्कम ४० हजारांच्या आसपास जाऊ शकते. पण हा पगार पदाचा आहे. सर्टिफिकेट असलेल्या शिपायाला आणि नसलेल्या शिपायाला पहिल्या महिन्यात तितकेच पैसे मिळतात. म्हणजे कोर्समुळे वाढलेली कमाई शून्य रुपये. शून्यातून ६० हजार कधी वसूल होणार?

खर्चही ६० हजारांवर थांबत नाही. क्लास शहरात, म्हणजे खोली आणि मेस आली. महिन्याला सात हजार धरले तरी वर्षाचे ८४ हजार, फी मिळून १ लाख ४४ हजार. सर्वांत महाग गोष्ट तर पावतीवर येतच नाही: वय. खुल्या गटाला २८ आणि मागास प्रवर्गाला ३३ ही मर्यादा आहे, आणि भरती दरवर्षी ठरलेल्या महिन्यात निघत नाही. कोर्सच्या वर्षात मैदान सुटलं आणि नेमकी तेव्हाच जाहिरात आली, तर ती संधी गेली.

‘नव्या कायद्यामुळे फॉरेन्सिकला प्रचंड मागणी.’ यातला अर्धा भाग खरा आहे आणि तो मान्य केला पाहिजे. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्या कलम १७६(३) प्रमाणे सात वर्षं किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत फॉरेन्सिक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावे गोळा करायचे आहेत. राज्यांना त्यासाठी पाच वर्षांपर्यंत मुदत आहे. माणसं लागणार, यात शंका नाही. पण कोणती? मुंबईत कलिन्याला राज्याच्या फॉरेन्सिक प्रयोगशाळांचं संचालनालय आहे; त्याखालच्या प्रयोगशाळांत वैज्ञानिक पदाला विज्ञानाची पदवी लागते. रक्ताचा डाग, विषाचा अंश, डीएनए हे रसायनशास्त्राचं आणि जीवशास्त्राचं काम आहे. मुलीला खरंच हीच ओढ असेल तर तिने विज्ञान शाखा सोडू नये. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरला (पूर्वीचं औरंगाबाद) शासकीय न्यायसहायक विज्ञान (म्हणजेच फॉरेन्सिक) संस्था आहेत, राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठाचं केंद्र गोव्यातही आहे. वेळ जास्त लागेल, पण ती वाट प्रयोगशाळेपर्यंत जाते.

‘सरकारमान्य.’ या शब्दाखाली काय काय खपतं ते पाहा. संस्थेची धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी, आयएसओचा शिक्का, एमएसएमई म्हणून उद्यम नोंदणी, नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरचा क्रमांक. यातल्या एकाही गोष्टीने अभ्यासक्रमाला मान्यता मिळत नाही. ती संस्थेची किंवा व्यवसायाची नोंद असते. विचारायचं एवढंच: प्रमाणपत्रावर कोणत्या विद्यापीठाची किंवा कौशल्य मंडळाची सही असते? आणि कोणत्या सरकारी जाहिरातीत हा कोर्स पात्रता म्हणून छापलाय, ती जाहिरात दाखवा.

हा विषय शिकूच नये, असं मात्र मी म्हणत नाही. वकिली करणारे, तुरुंगात किंवा बालगृहात काम करणारे कार्यकर्ते, आधीच पोलिसात असलेले हवालदार यांना गुन्हेशास्त्र आणि फौजदारी न्यायप्रक्रिया नीट कळली तर रोजच्या कामात फरक पडतो. त्यांच्यासाठी इग्नूचा (इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाचा) फौजदारी न्यायाचा पदव्युत्तर डिप्लोमा आहे. पदवी लागते, पण नोकरी सांभाळून घरून करता येतो. त्यांच्या हातात काम आधीपासून आहे. बारावी झालेल्या पोरीच्या हातात अजून ते नाही.

त्या वडिलांनी सगळं ऐकून विचारलं, ‘पहिला हप्ता परवा भरायचाय, मग काय करू?’ मी म्हटलं, भरू नका. तिला बीएस्सीला घाला आणि धावायचे चांगले बूट घेऊन द्या.