आय-७ म्हणजे सात कोअर नव्हेत

मागच्या आठवड्यात भुसावळहून ताईचा फोन आला. भाच्याला अभियांत्रिकीला प्रवेश मिळाला आहे, केळीचे पैसे हातात आले आहेत आणि दाजी जळगावातील एका दुकानात जुन्या लॅपटॉपसाठी दोन हजारांचा विसारही देऊन आले आहेत, असे तिने सांगितले. एवढी घाई कशाची, असे विचारल्यावर तिने नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटातला संदेश पाठवला. इंटेल कंपनीच्या प्रोसेसरांत (म्हणजे लॅपटॉपच्या मुख्य चिपांत) आय-७ म्हणजे सात कोअर, म्हणजे चिपमधले स्वतंत्रपणे काम करणारे भाग, आणि आय-३ म्हणजे तीन, म्हणून जुना आय-७ नव्या आय-३ पेक्षा केव्हाही भारी. एका पिढीतले सगळे आय-७ सारखेच. एएमडी कंपनीच्या रायझनचा आकडा जितका मोठा तितका प्रोसेसर नवा. आणि वेगाच्या चाचण्यांच्या क्रमवारीत जो वर, तो डोळे झाकून घ्यावा, असे चार दावे त्यात आहेत.

सात कोअरची ही गोष्ट कोणी रचली कोण जाणे. ३, ५, ७ हे आकडे त्या त्या पिढीतील मालाची प्रतवारी सांगतात, कोअर मोजत नाहीत. दाजींनी पसंत केलेल्या लॅपटॉपवर आय-७ चे निळे लेबल होते, पण पूर्ण क्रमांक कुठेच नव्हता. मी भाच्याला दुकानात पाठवून टास्क मॅनेजर (विंडोजमधली यंत्राची माहिती दाखवणारी खिडकी) उघडायला लावले, तेव्हा क्रमांक निघाला आय-७ ७५००यू, आणि त्याखाली कोअर किती, तर दोन! इंटेलच्या संकेतस्थळावर प्रत्येक प्रोसेसरच्या माहितीचे पान आहे, आणि हा वाद मिटवायला तेवढे पुरेसे आहे. त्यानुसार ७५००यू हा २०१६ सालचा, दोन कोअर व चार थ्रेडचा (थ्रेड म्हणजे एका वेळी हाताळता येणारी कामे), कमाल ३.५ गिगाहर्ट्झ वेगाचा प्रोसेसर आहे. संदेशाने हिणवलेल्या आय-३ पैकी १२१५यू हा २०२२ सालचा, सहा कोअर व आठ थ्रेडचा, कमाल ४.४ गिगाहर्ट्झचा. त्याहून वाईट म्हणजे, विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टने मान्य केलेल्या प्रोसेसरांच्या यादीत ७५००यू नाही आणि विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. चार वर्षांच्या शिक्षणासाठी घ्यायचे यंत्र पहिल्याच दिवशी वाऱ्यावर सोडलेले असेल, तर त्यात वाचलेल्या पैशाला काय अर्थ आहे?

एवढे मात्र मान्य करावे लागेल की, पिढी एकच आणि क्रमांकातले शेवटचे अक्षरही एकच असेल, तर आय-७ हा बहुधा आय-५ च्या पुढेच असतो. संदेश लिहिणाऱ्याने नेमके ते अक्षर गाळले आहे. १२५५यू आणि १२७००एच हे दोन्ही बाराव्या पिढीचे आय-७ असले, तरी पहिला मूळ १५ वॅट विजेवर चालणारा व दहा कोअरचा आहे, तर दुसरा ४५ वॅटचा व चौदा कोअरचा. त्यांना सारखे म्हणणे म्हणजे मोपेड आणि ट्रॅक्टर एका रांगेत उभे करणे होय.

रायझनचा दावाही टिकत नाही. एएमडीने २०२२ मध्ये स्वतःच जाहीर केलेल्या पद्धतीनुसार लॅपटॉपच्या ७००० मालिकेत तिसरा अंक आतली रचना (तिला एएमडी ‘झेन’ म्हणते) सांगतो. त्यामुळे रायझन ५ ७५२०यू हा झेन २ या जुन्या रचनेचा, चार कोअरचा निघतो, आणि आकड्याने लहान असलेला ५६२५यू झेन ३ या त्यानंतरच्या रचनेचा, सहा कोअरचा.

क्रमवारी पाहू नये, असे मी म्हणत नाही. पासमार्कसारख्या, प्रोसेसरांच्या वेगाला गुण देणाऱ्या यादीतले गुण अनेक वापरकर्त्यांच्या यंत्रांवरील चाचण्यांची सरासरी असतात; तोच प्रोसेसर पातळ, छोट्या पंख्याच्या लॅपटॉपमध्ये, भुसावळच्या मे महिन्यात, पत्र्याच्या खोलीत तापून स्वतःचा वेग कमी करतो, हे यादीत दिसत नाही.

विसार परत मिळालेला नाही. ती रक्कम नव्या लॅपटॉपच्या किमतीतून वळती करायला दुकानदार तयार आहे, पण प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक, शेवटच्या अक्षरासह, बिलावर लिहून मिळाल्याशिवाय उरलेले पैसे द्यायचे नाहीत, असे मी दाजींना सांगून ठेवले आहे.