कालव्यावर पुन्हा ड्यूटी

तीस वर्षं पाटबंधारे खात्यात काढली. रात्री कालव्यात चोरून टाकलेले पाइप शोधणं हे माझं काम. त्यामुळे लंडनला लेकीकडे गेल्यावर नात म्हणाली, "आबा, कॅनॉलवर लपवलेल्या डब्या शोधायला चला," तेव्हा तिच्याआधी मी चपला घालून दारात उभा.

रीजंट्स कॅनॉल पाहून निराशा झाली. पाणी वाहतच नाही! ना शेताकडे जाणारी चारी, ना पाणी सोडायची पाळी. १८२० साली पूर्ण झालेला हा तेरा-चौदा किलोमीटरचा कालवा निव्वळ बोटींसाठी. काठाने घोडा चालायचा, दोराला बांधलेली मालाची बोट मागून यायची. आता त्या वाटेवर सायकलवाले. घोड्याच्या टापा निदान ऐकू तरी येत असतील.

खेळाचं नाव जिओकॅशिंग. खेळ असा की कुणी डबी लपवायची, अक्षांश-रेखांश जाहीर करायचे, बाकीच्यांनी मोबाइल घेऊन हुडकायची. २००० साली अमेरिकेने जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढली आणि त्याच आठवड्यात हा उद्योग सुरू झाला. चूक पुरती गेलेली नसावी. मोबाइल म्हणाला चार मीटर, मग अकरा, मग थेट पाण्याच्या मधोमध.

मी अनुभवावर विसंबलो. झुडपात, फांदीला गाठ मारून टांगलेली काळी पिशवी! "सापडली!" मी ओरडलो. पिशवी कोमट होती.

"आबा, सोडू नका! ती कुत्र्याची आहे!"

कुत्र्याची म्हणजे काय, ते गाठ निम्मी सुटल्यावर कळलं.

पुढे मॅकल्सफील्ड पूल. त्याच्या लोखंडी खांबांवर दोर घासून खाचा पडल्यात, आमच्या वाड्यातल्या विहिरीच्या काठावर होत्या तशाच. मी एका खाचेत अंगठा ठेवला, चपखल बसला. खाचा दोन्ही अंगांना कशा? १८७४ साली दारूगोळ्याची बोट इथे उडाली, पूल गेला, खांब वाचले. तेच पुन्हा उभे करताना फिरवून बसवले. जुनं सामान वापरून काम भागवणारा कुणी आमच्याच खात्यातला असावा.

"कुणी आलं की बुटाची नाडी बांधतोय असं दाखवा," नात कुजबुजली. मी चपलांत. वाकलो तो वाकलोच. गुडघ्याने साथ सोडली. दोन जणांनी थांबून "ठीक आहात ना?" विचारलं. पण वाकलो म्हणूनच दिसली. कठड्याच्या खालच्या अंगाला लोहचुंबकाने चिकटलेली, वाटाण्याएवढी डबी. आत विडीहून बारीक कागदाची सुरळी. नात म्हणाली, फक्त नाव लिहायचं.

मी लिहिलं: 'समक्ष पाहणी केली. गळती नाही.' खाली सही, तारीख. पुढच्या तिघांची जागा गेली.