‘चार्जिंगची गाडी म्हणजे सायकलच’: त्या मेसेजमधलं एकेक वाक्य

जून आला की पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. यंदा तो मला चौघांनी पाठवला आणि चौघांनीही खाली एकच प्रश्न विचारला, ‘दादा, घेऊ का पोराला?’ मेसेज असा आहे: ‘२५ स्पीडच्या आतली ई-स्कूटर म्हणजे कायद्याने सायकलच. लायसन नको, पासिंग नको, विमा नको, हेल्मेट नको. पोलीस अडवूच शकत नाहीत. सायकलपेक्षा सुरक्षित. एका चार्जिंगमध्ये ७० किमी, खर्च किलोमीटरला १० पैसे. रात्री लावा, सकाळी तयार. नववी-दहावीच्या मुलांना बिनधास्त द्या.’

मी साताऱ्यात दुचाकींचं काम करतो. बरीच वर्षं पेट्रोलच्या, आणि गेली पाच-सहा वर्षं चार्जिंगच्याही. फोनवर प्रत्येकाला सांगताना निम्मं राहून जातं, म्हणून इथे सगळं सविस्तर लिहितो.

‘कायद्याने ती सायकलच’

यातलं अर्धं खरं आहे, आणि म्हणूनच माणूस फसतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांत बॅटरीच्या काही दुचाकींना मोटार वाहन मानलेलं नाही. पण त्याला अटी आहेत. मोटरची तीस मिनिटांची सलग ताकद २५० वॅटपेक्षा कमी हवी. कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी हवा. बॅटरी सोडून वजन ६० किलोच्या आत हवं. ब्रेक नीट हवेत, पुढे पांढरा आणि मागे लाल रिफ्लेक्टर हवा. आणि हे सगळं मान्यताप्राप्त संस्थेनं तपासलेलं हवं. पुण्याची एआरएआय आणि मानेसरची आयकॅट ही त्यातली नेहमी ऐकू येणारी नावं. गाडी घेताना त्या मॉडेलच्या प्रमाणपत्राची प्रत मागा. ‘सगळ्या अशाच येतात हो’ असं उत्तर मिळालं तर तिथून उठा.

आता गाडी शोरूममधून बाहेर पडल्यावर काय होतं ते सांगतो. मागच्या महिन्यात शाहूनगरचे एक गृहस्थ मुलाची गाडी घेऊन आले. मुलगा नववीत. तक्रार एवढीच, की उतारावर मागचा ब्रेक धरत नाही. मी सपाट रस्त्यावर फोनचं जीपीएस लावून चक्कर मारली. आकडा ४३ वर गेला. परत येऊन सीटखालचं झाकण काढलं, तर कंट्रोलरमधून, म्हणजे मोटरला वीज सोडणाऱ्या डब्यातून, येणारा वेगमर्यादेचा छोटा वायरजोड सोडवलेला आणि दोन्ही टोकांना नवी काळी टेप गुंडाळलेली. गृहस्थ म्हणाले, ‘चढाला ओढत नाही म्हटलं, तर त्यांनी घेतानाच करून दिलं. फुकट.’

त्या फुकटच्या कामानं गाडीची सगळी सवलत गेली. आता ती पासिंग नसलेली, विमा नसलेली मोटारसायकल आहे आणि तिच्यावर चौदा वर्षांचा विनालायसन मुलगा बसतो. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात कलम १९९अ आलं. अल्पवयीन मुलानं या कायद्याखालचा गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड, आणि त्या मुलाला वयाच्या २५ वर्षांपर्यंत लायसन नाही. हे ऐकल्यावर ते गृहस्थ स्टुलावर बसून राहिले. माणूस वाईट नव्हता, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. असे फेरफार किती सर्रास होतात ते सरकारलाही ठाऊक आहे. २०२२ च्या मे महिन्यात राज्याच्या परिवहन खात्यानं याच कारणासाठी तपासणीची मोहीम काढली होती.

गाडीत फेरफार आहे का, हे घरच्या घरी बरंचसं कळतं. वेग गाडीच्या मीटरवर पाहू नका, फोनच्या जीपीएसवर पाहा, आणि सपाट रस्त्यावर. दुसरी खूण चढाची. सत्तर किलोची गाडी, पन्नास किलोचा मुलगा, आणि शंभर मीटरला पाच मीटर चढ, असं गणित मांडलं तर २५० वॅटची मोटर सलग चढताना ताशी दहाच्या आसपासच राहते. थोडा वेळ ती जास्त जोर लावू शकते, पवई नाक्यावरून राजवाड्याकडे यायला तेवढा पुरेलही. पण ‘पासिंग नको’ म्हणून विकलेली गाडी यवतेश्वरचा घाट डबल सीट सुसाट चढत असेल, तर ती २५० वॅटची नाही.

‘पोलीस अडवूच शकत नाहीत’

शकतात. गाडी सवलतीत बसते की नाही हे तपासायला तर शकतातच. शिवाय भारतीय न्याय संहितेचं कलम २८१ सार्वजनिक रस्त्यावर कोणतंही वाहन बेदरकारपणे चालवण्याबद्दल आहे. त्यात मोटार हा शब्दच नाही. विम्याचंही तेच. सक्ती नाही याचा अर्थ एवढाच, की उद्या पोरानं एखाद्या आजींना धडक दिली तर त्यांच्या मोडलेल्या खुब्याचा खर्च भरायला विमा कंपनी येणार नाही. तुम्ही भरणार.

‘सायकलपेक्षा सुरक्षित’

या वाक्याचा मला सगळ्यात जास्त त्रास होतो, कारण पालक याच्यावरच विसंबतात.

सायकल पंधरा-अठरा किलोची. ही गाडी लेड-ॲसिड बॅटऱ्या धरून सत्तर-ऐंशी किलोपर्यंत जाते, म्हणजे मुलापेक्षा जड. सायकलवर २५ चा वेग गाठायला पोराला दम लागतो, आणि तो दम लागतो तोपर्यंत रस्ता समजत जातो. इथे मनगट पिळलं की काम झालं. ताशी २५ नं जाऊन भिंतीवर आदळणं म्हणजे जवळजवळ अडीच मीटर उंचीवरून पडणं. घराच्या दाराची चौकट याहून कमी उंच असते. वेग ४० केला तर आदळण्याची ताकद अडीच पट होते. थांबायला लागणारं अंतरही दुप्पट होतं. ब्रेक दाबायचं सुचायला एक सेकंद धरा आणि ब्रेक बऱ्यापैकी आहेत असं धरा: २५ ला गाडी साधारण १३ मीटरवर थांबते, ४० ला २६ मीटरच्या पुढे. रस्त्यावर पावलं टाकून हे अंतर मोजा आणि मुलालाही मोजायला लावा.

आणि सातारा हे उताराचं गाव. समर्थ मंदिराकडून खाली येताना पेट्रोलची गाडी गिअरमध्ये असली तर इंजिन तिला थोडं अडवतं. या स्वस्त चार्जिंगच्या गाड्यांत बहुतेक वेळा असं काही अडवणारं नसतं. सगळा भार दोन छोट्या ड्रम-ब्रेकवर. पोरं ब्रेक अर्धवट दाबून धरत अख्खा उतार उतरतात, लायनर, म्हणजे ब्रेकच्या आतले घासणारे पट्टे, तापतात, गुळगुळीत होतात, आणि मग ‘ब्रेक धरत नाही’ म्हणून गाडी माझ्याकडे येते. शाहूनगरच्या त्या गाडीचे लायनर हातात घेतले तर काचेसारखे चमकत होते.

अजून एक गोष्ट, जी मी प्रत्येक पालकाला गाडी मधल्या स्टँडवर लावून दाखवतो. नवशिका पोरगा घाबरला की हँडल घट्ट आवळतो. हँडल आवळलं की उजवी मूठ पिळली जाते. म्हणजे थांबायच्या ऐन वेळी गाडी जोरात पुढे जाते. यासाठी ब्रेकच्या लिव्हरमध्ये छोटा स्विच असतो. लिव्हर जराशी दाबली की मोटरची वीज तुटते आणि रेस दिलेली असली तरी चाकाला जोर मिळत नाही. गाडी एकदा पडली, लिव्हर वाकली, की या स्विचची बारीक वायर सगळ्यात आधी तुटते. गाडी तरीही चालते, ब्रेकही लागतो, म्हणून कुणाला पत्ता लागत नाही. तुम्ही आजच बघा: मागचं चाक अधांतरी ठेवा, चावी लावा, थोडी रेस द्या आणि लिव्हर अगदी हलकी, ब्रेक लागणार नाही इतकीच दाबा. मोटरचा आवाज त्याच क्षणी बंद व्हायला हवा. दोन्ही लिव्हर वेगवेगळ्या तपासा. त्या नववीतल्या मुलाच्या गाडीत दोन्हींपैकी एकही काम करत नव्हती. तो रोज त्याच गाडीवर पवई नाक्यावरून शाळेत जात होता.

यात आवाजाचा मुद्दाही येतो. गाडीचा आवाज नाही, त्यामुळे समोर चालणारा माणूस बाजूला होत नाही. मुलाला हॉर्नची सवय लावा.

‘हेल्मेट नको’

सवलतीतल्या गाडीला कायद्याची सक्ती नाही, हे खरं. पण वर अडीच मीटरचं गणित दिलं आहे ते डोक्यालाही लागू आहे. १ जून २०२१ पासून आयएसआय चिन्ह नसलेलं दुचाकीचं हेल्मेट विकणंच बेकायदा आहे, तेव्हा रस्त्याकडेचं टोपीसारखं घेऊ नका. मुलाला सोबत नेऊन घ्या. पट्टा लावून मान हलवायला सांगा. हेल्मेट वेगळं आणि डोकं वेगळं हलत असेल तर एक नंबर लहान घ्या. वडिलांचं जुनं हेल्मेट मुलाला चालत नाही.

‘७० किमी, १० पैसे’

लेड-ॲसिडची गाडी धरू. ४८ व्होल्ट, २८ अँपिअर-तास म्हणजे साधारण १.३ युनिट वीज मावते. चार्ज करताना थोडी वाया जाते, म्हणजे मीटरवर दीड-पावणेदोन युनिट. युनिटला ९ रुपये धरले तर एका चार्जिंगला १५ रुपये. आमच्या चढउतारावर अशी गाडी नवी असताना ३५ ते ४० किलोमीटर जाते. म्हणजे किलोमीटरला ४० पैशांच्या आसपास. हेही स्वस्तच आहे, माझी काही तक्रार नाही.

मेसेजमध्ये बॅटरीचा मात्र उल्लेखच नाही. माझ्याकडे येणारे लेड-ॲसिडचे सेट दीड-दोन वर्षांत थकतात आणि नवा सेट बारा-पंधरा हजारांना पडतो. मुलगा सुट्या सोडून रोज दहा किलोमीटर फिरला तर दोन वर्षांत सहा हजार किलोमीटर होतात. तेरा हजार भागिले सहा हजार, म्हणजे किलोमीटरला दोन रुपये नुसत्या बॅटरीचे. वीज धरून ही गाडी पेट्रोलच्या स्कूटरच्या इंधनखर्चाच्या जवळ जाऊन बसते. लिथियमची बॅटरी महाग, पण हलकी आणि जास्त टिकणारी. परवडत असेल तर तीच घ्या. वजन पंधरा-वीस किलोनं उतरतं आणि मुलाला गाडी स्टँडवर लावता येते.

‘रात्री लावा, सकाळी तयार’

२०२२ च्या सप्टेंबरमध्ये वसईत घरात रात्री चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट होऊन सात वर्षांचा मुलगा भाजला आणि पुढे दवाखान्यात त्याचा मृत्यू झाला. मला अजूनही ती बातमी आठवली की जीव कासावीस होतो. त्या वर्षी देशभर लागलेल्या आगींनंतर केंद्रानं डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत मोटार वाहनांच्या बॅटऱ्यांचे सुरक्षा निकष कडक केले. आणि जी गाडी मोटार वाहनच नाही म्हणून विकली जाते, तिच्या बॅटरीबद्दल तर आपणच जास्त चौकशी करायला हवी.

चार्जर गाडीबरोबर आलेलाच वापरा. लेड-ॲसिडचा चार्जर लिथियमला लावणं म्हणजे आगीला आमंत्रण; प्लग बसतो म्हणून चार्जर चालतो असं नाही. गाडी फिरून आली की अर्धा तास थंड होऊ द्या. माणसं जागी असताना चार्ज करा. आणि दाराच्या वाटेत, जिन्याखाली लावू नका, कारण आग लागली तर बाहेर पडायची तीच वाट असते. बॅटरी फुगलेली दिसली, गरम लागली, विचित्र वास आला, तर त्या दिवसापासून ती वापरू नका.

‘बिनधास्त द्या’

गाडी देऊच नका असं मी म्हणत नाही. कोडोलीची एक मुलगी अकरावीच्या क्लासला अशाच गाडीवर येते. एसटीच्या वेळा जुळत नाहीत आणि वडील पहाटेच कामाला जातात. गाडी नसती तर तिचा क्लास सुटला असता. पण ती घेण्याआधी तिचे वडील दोन रविवार तिला मोकळ्या मैदानावर घेऊन गेले, खडूनं रेघ मारली आणि रेघेवर थांबायला लावलं. नंतर रेघ ओली करून पुन्हा. तिसऱ्या आठवड्यात तिला रस्त्यावर आणलं, ते स्वतः मागून गाडीवर. ती अजून कुणालाच डबल सीट घेत नाही.

या गाड्यांना कायदा वय विचारत नाही, त्यामुळे वय आपणच ठरवायचं आहे. मी तरी पंधराच्या आत नाही म्हणतो. बसल्यावर दोन्ही पावलं पूर्ण टेकली पाहिजेत, आणि बंद गाडी एकट्यानं ढकलत चढावर नेता आली पाहिजे. एवढं जमत नसेल तर वर्षभर सायकलच चांगली.

शाहूनगरच्या गाडीचा तो जोड मी परत लावला, दोन्ही लिव्हरच्या वायरी बदलल्या, नवे लायनर टाकले. मुलगा माझ्यावर नाराज आहे, वर्गात त्याची गाडी आता सगळ्यात हळू आहे म्हणे. गेल्या आठवड्यात हवा भरायला आला तेव्हा बोलला नाही, पण स्टँड लावून दोन्ही लिव्हर दाबून बघत होता.

शनिवारी संध्याकाळी सहानंतर मी हे तपासायचंच काम करतो, पैसे घेत नाही. साताऱ्यातले जे मला ओळखतात त्यांनी गाडी आणि मूल, दोघांनाही घेऊन यावं.