वळचण नको, काच हवी

तुमच्या बँकेच्या शाखा पेडण्यापासून काणकोणपर्यंत पोचल्या आणि मुख्य कार्यालय अजून चिऱ्याच्या जुन्या घरात, खाली औषधाचे दुकान? थोडी तरी लाज बाळगा. मांडवीवरच्या अटल सेतूवरून पणजीत उतरणारा माणूस दचकला पाहिजे असा मनोरा बांधा. जागा पणजीच्या पाटो भागातच घ्या. खाडीकाठची सखल जमीन आहे, भरती आणि पाऊस जोडीने आले की पाणी तुंबते, तेव्हा गाड्या तळघरात ठेवा. पंपवाल्यांनाही जगायचे आहे.

नमुना न्यूयॉर्कचा. 1954 साली तिथल्या फिफ्थ अॅव्हेन्यूवर गॉर्डन बन्शाफ्ट या आर्किटेक्टने एका बँकेची शाखा काचेच्या पेटीसारखी केली आणि तिजोरीचे अवजड दार रस्त्यावरून दिसेल असे दर्शनी मांडले. तोवर बँका ग्रीक देवळांसारखे खांब लावून बसायच्या. आमच्याकडे लपवण्यासारखे काही नाही, असा त्या काचेचा सांगावा. तुम्हीही काचच लावा, फक्त गोव्याचे ऊन बघून गडद निळी, आरशासारखी. आतले काही दिसणार नाही, ग्राहकाला स्वतःचे तोंड तेवढे दिसेल. कर्ज मागायला आलेल्याने ते आधी पाहून घेतलेले बरेच.

शिवाय गोव्याला काचेची गरज जुनी आहे. पोर्तुगीज राजवट संपता संपता, 1961 साली, लोकांनी बांको नासियोनाल उल्त्रामारिनो या पोर्तुगीज बँकेत गहाण ठेवलेले सोने लिस्बनला गेले, ते परत यायला 1991 उजाडले. तेव्हा काच असती तर निदान जाताना तरी दिसले असते.

न्यूयॉर्कच्याच सीग्राम बिल्डिंगकडूनही एक गोष्ट उचला. 1958 साली पुऱ्या झालेल्या त्या इमारतीचा खरा पोलादी सांगाडा आगीच्या नियमामुळे काँक्रीटमध्ये गुंडाळावा लागला, म्हणून तिचा आर्किटेक्ट मीस याने बाहेरून कांशाच्या उभ्या तुळया लावल्या. इमारतीचा भार त्या उचलत नाहीत, दर्शनी भागात उभ्या असतात. ही कल्पना तुमच्या संचालक मंडळाला समजावून सांगावी लागणार नाही.

आता दिशा. पश्चिमेला मळा या जुन्या वस्तीची कौले आणि आल्तिनोची टेकडी, म्हणून तिकडे सगळीच्या सगळी काच. दुपारी तीनला ऊन तिरके आत शिरते, टेबले, खुर्च्या, फायली तापतात आणि त्यांची धग काच सुखासुखी बाहेर जाऊ देत नाही. मग पडदे ओढा. पडदे ओढले की अंधार, म्हणून दिवे लावा. दिव्यांनी आणखी गरम होते, म्हणून एसी वाढवा. एवढे केले की कौलांचे दृश्य कोणालाच दिसत नाही, पण ते आहे हे माहीत असते. उत्तरेकडून ऊन येत नाही असे आर्किटेक्ट सांगेल. न्यूयॉर्कपुरते, तेही भर दुपारी, खरे आहे. पणजी साडेपंधरा अक्षांशावर, मेच्या सुरुवातीपासून ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत भर दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेलाच असतो. हे त्याला सांगू नका, नकाशे छापून झालेले असतात. आणि उत्तरेची काच हवीच, कारण तिथून मांडवीतली कॅसिनोची जहाजे दिसतात. जोखमीच्या कर्जांवर चर्चा चालू असताना समोर काहीतरी प्रेरणादायी हवे.

चंदीगडला आर्किटेक्ट कार्बुझिएने काँक्रीटच्या खोल चौकटी लावून ऊन बाहेरच अडवले. तसले काही करू नका, कबुतरे बसतात. आपल्या जुन्या घरांतले शिंपल्यांच्या तावदानांतून येणारे दुधाळ ऊन, दारापुढच्या बाल्कांवातली दगडी बाके, भिंतीपासून हात-दोन हात पुढे आलेली कौलांची वळचण, हे सगळे मात्र जपा. स्वागतकक्षात त्याचा मोठा फोटो लावा, खाली 'आपला वारसा' असे लिहा.

वळचण मुद्दाम गाळा. दरवर्षी सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडतो म्हणून कोणी इमारतीची सरळ रेघ मोडत नाही. गेल्या जुलैत आईचे पासबुक भरायला अशाच एका चकचकीत कार्यालयात गेलो होतो. नाव नको, पेन्शन तिथेच जमा होते. काचेचे दार भिंतीच्या रेषेत, वर चार बोटांचाही छज्जा नाही. आत संगमरवरावर गोणपाट, त्यावर उभा वॉचमन. "मावशे, छत्री भायर दवरात." आईने छत्री दारातच मिटली, आणि ती मिटेपर्यंत चष्म्यापासून पासबुकापर्यंत सगळे भिजले. मशीनने ओले पान घेतले नाही. काउंटरवरची मुलगी चांगली होती, म्हणाली, "काकी, सुकवून या ना."

सुकवायचे कुठे? रस्त्यापलीकडे भजी-चहाचा गाडा होता, बांबूवर निळी ताडपत्री. तिच्याखाली बँकेचे सात-आठ ग्राहक आधीच उभे होते, दोघांच्या हातात हयातीतली सगळी कागदपत्रे, प्लॅस्टिकच्या पिशवीत. गाडेवाल्याने आईला स्टूल दिले आणि पासबुक उघडून किटलीच्या शेजारी, गरम पत्र्यावर ठेवले. "पाच मिनिटांत होईल, आजी. काल एकाचा चेक सुकवला."

तुमच्या मनोऱ्यासमोर असा गाडा उभा राहणारच. उद्घाटनाआधी पालिकेला अर्ज द्या आणि तो हलवून घ्या. ती निळी ताडपत्री तुमच्या निळ्या काचेशी मुळीच जुळत नाही.