वीतभर श्वास

निवृत्त होऊन चार वर्षं झाली, आणि गेल्या वर्षापासून मी ब्लॉग लिहितोय. उभी हयात ध्वनिमुद्रणात गेली म्हटल्यावर लोकांच्या फर्माइशी ठरलेल्या. कोणता गायक तापट होता, कोणाचं कोणाशी फाटलं, ते लिहा. नाही लिहिणार. स्टुडिओच्या बंद दाराआड माणसं आमच्या भरवशावर चुकत होती. त्या चुका विकून म्हातारपणी वाचक जमवायचे, हे मला पटत नाही.

मग पहिले तीन लेख यंत्रांवर लिहिले. अचूक आणि ठणठणीत कोरडे. मुलगी वाचून म्हणाली, "बाबा, यात तुम्ही कुठे आहात?"

प्रश्न वर्मी लागला. कारण आमचं कामच मुळी दिसू नये असं. माइक कुठे लावला, फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी) कधी वर नेला, हे ऐकणाऱ्याच्या लक्षात आलं की समजायचं, आपण चुकलो. पुष्कळ रेकॉर्डच्या वेष्टनावर आमची नावंही नसायची, आणि त्याचं वाईट वाटायचं नाही. (थोडं वाटायचं.) असा माणूस साठीनंतर एकदम "मी" लिहायला बसला की हात अडतोच.

शेवटी चौथ्या लेखात ते श्वासांचं प्रकरण सांगून टाकलं.

तेव्हा टेप सेकंदाला 15 इंच धावायची. म्हणजे अर्धा सेकंद साडेसात इंचांचा, जवळपास वीतभर. काळ चिमटीत धरता यायचा! जोडकाम करताना दोन्ही स्पूल हाताने मागेपुढे फिरवायचे, स्पीकरमधून गुरगुर यायची, आणि त्या गुरगुरीत शब्दाचं तोंड शोधायचं. मेणाच्या पेन्सिलीने खूण, टेप खाचेत, ब्लेडचा तिरपा काप. तिरपा अशासाठी की सरळ कापलं तर जोडावर "टच्" ऐकू यायची भीती. तिरप्या कापात एक आवाज दुसऱ्यात उतरत जातो. ब्लेडमध्ये चुंबकत्व शिरलेलं असलं तरी तोच "टच्".

उमेदवारीच्या काळात एकदा साथीशिवाय गायलेल्या एका गाण्यातले सगळे श्वास मी कापून काढले. आवाज "स्वच्छ" करायचा म्हणून, कोणी सांगितलं नसताना. प्रत्येक जागी तेवढीच कोरी टेप जोडली. ऐकलं तर गळा तोच, सूर तोच, पण गाणारं माणूस गायब. वरिष्ठ ओरडले नाहीत. केराच्या डब्याकडे बोट करून घरी निघून गेले.

डब्यातले तुकडे सगळे तपकिरी, सगळे सारखे. एकेक मशीनच्या टेप वाचणाऱ्या हेडवरून हाताने ओढायचा, ऐकायचा, हा कुठल्या ओळीआधीचा ते ठरवायचं. पहाट झाली. त्यात एक उलटा जोडला गेला. बाई पुढच्या ओळीला दम घेण्याऐवजी उसासा टाकतेय असं वाटत होतं.

त्या चौथ्या लेखाला माझ्यासारख्याच निवृत्तांची पत्रं आली, आणि माझं म्हणणं त्यांच्याचसाठी आहे. रेकॉर्ड कापणारे, दाबणारे, टेपा सांभाळणारे, तुम्ही लिहा. 1970-80च्या दशकांतल्या कित्येक टेपांमधला, आवाजाचा चुंबकीय थर धरून ठेवणारा चिकटा ओल धरतो. त्या तशाच वाजवल्या तर थर खरवडून निघतो, म्हणून आधी काही तास पन्नासेक अंशांच्या मंद उष्णतेत ठेवाव्या लागतात. कोणाच्या घरी अशी एकुलती एक टेप असेल आणि तो उत्साहाने ती मशीनवर चढवेल. त्याला हे कोण सांगणार? गायकाच्या आत्मचरित्रात ते येत नाही.

शुद्धलेखन तपासून घ्या, बाकी फार घासूनपुसून लिहू नका. आता मुलगी माझे कच्चे खर्डे वाचते आणि मी खोडलेलं परत घालायला लावते. वरचं कंसातलं "थोडं वाटायचं" मी दोनदा खोडलं होतं.