एक माणूस कमी

गेल्या रविवारी दोन मंडळांच्या संयुक्त सभेत मी हरवलो, आणि तेही पहिल्या रांगेत बसलेलो असताना. वाचक मंडळाचे सभासद २३, पहाटे फिरायला जाणाऱ्या गटाचे १८. सगळे आले होते, तरी माणसे भरली ४०. हजेरी घेणारे निवृत्त हिशेबनीस दोन्हींपैकी कुठलेच नव्हते, म्हणून तर त्यांना बोलावले होते. त्यांनी तीनदा डोकी मोजली, दाराबाहेर डोकावून पाहिले आणि मग जाहीर विचारले, "एक माणूस कमी आहे. कोण आले नाही?"

"मी दोन्हींत आहे," मी हात वर केला.

"म्हणजे आलात ना?"

"दोन्हीकडून आलो आहे."

"मग दोनदा का नाही आलात?" त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे अशा काही नजरेने पाहिले की जणू अफरातफर उघडकीस आली. "हे पाहा, बेरीज खोटी बोलत नाही. कुठल्या तरी एका यादीतून तुम्हाला खोडावे लागेल. कुठे कमी लागता तेवढे सांगा."

या प्रश्नाचे उत्तर दोन्ही मंडळांनी एकदमच दिले, ते मी इथे लिहीत नाही.

व्हेन नावाच्या इंग्रज तर्कशास्त्रज्ञाने १८८० साली एकमेकांत शिरलेली वर्तुळे काढून हा गुंता समजावला होता. मधल्या पाकळीतला एकदाच मोजायचा, एवढेच. सिमेल या जर्मन समाजशास्त्रज्ञाने तर १९०८ साली लिहून ठेवले की माणूस जितक्या अधिक वर्तुळांत असेल तितका तो इतरांहून वेगळा ठरतो, कारण नेमक्या त्याच छेदबिंदूवर दुसरा कोणी सापडणे अवघड. वाचायला हे फार गोड वाटते, पण सिमेलसाहेबांकडे कोणी दोनदा वर्गणी मागितली नसावी. माझ्याकडे दोन्ही मंडळे पूर्ण वर्गणी घेतात. त्या वेळी मी दोन माणसे असतो आणि मतदानाला मात्र अर्धासुद्धा नसतो. भांडण झाले की दोन्हीकडचे मला "तुमची माणसे" असे सुनावतात. मी कुणाचा, हे ठरवायची घाई नेहमी दुसऱ्यांनाच असते, याचा मला खरोखर संताप येतो.

शेवटी सर्वांचे छायाचित्र काढायचे ठरले आणि दोन्ही बाजूंना चालेल असा माणूस म्हणून कॅमेरा माझ्या हातात देण्यात आला. हिशेबनिसांनी ते छायाचित्र हातात घेऊन बोटाने डोकी मोजली. ३९.

"आता दोन कमी!" ते ओरडले.