नळाचंच पाणी गरम असेल तर? एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई,

पाळणाघरात लेकरू भाजलं, पडलं तर काय करायचं आणि त्याची वहीत नोंद का ठेवायची, यावरच्या माझ्या लेखावर तुमचे मुद्दे दोन आहेत. पहिला: "भाजलेला भाग २० मिनिटं नळाखाली धरा म्हणता. नागपुरात मे महिन्यात दुपारी नळाला हात लावून पाहा." दुसरा: "पोट्टे पडणारच. पाळणाघरात लक्ष ठेवलं की झालं, त्यासाठी वह्या कशाला भरायच्या?"

पहिला मुद्दा अगदी बरोबर आहे, लेखात तो यायलाच हवा होता. पारा ४५ च्या घरात गेला की गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी दुपारी हाताला सोसत नाही. पण म्हणून ती २० मिनिटं टळत नाहीत. अंगावर सांडलेला चहा पुसला तरी कातडीत शिरलेली धग खालचे थर भाजत राहते, ती पाण्यानेच उतरते. म्हणून मार्च ते जून या एकाच कामासाठी १५ लिटरचा माठ वेगळा भरून ठेवा, ओट्यावर, झाकण लावून. आपला उन्हाळा कोरडा असल्यामुळे माठ छान गार होतो. अर्ध्या लिटरच्या गडव्याने बारीक धार धरायची, मिनिटाला एक गडवा. १० लिटरमध्ये २० मिनिटं निघतात. यासाठी बादली मात्र भरून खाली ठेवू नका. रांगत्या लेकराचं डोकं जड असतं, ओणवं होऊन आत गेलं की त्याला वर येता येत नाही. चार बोटं पाणीही जिवावर बेततं.

पाणी ओततानाच मनगट्या, करदोटा, कपडे काढून घ्या, सूज चढली की ते रुततात. चिकटलेला कपडा ओढू नका. कूलरचा झोत बंद करा आणि बाकीचं अंग पंच्यात गुंडाळा, लहान जीव पटकन गारठतो. बर्फाने रक्तपुरवठा आवळतो आणि जखम खोल जाते. हळद, तूप, टूथपेस्ट लावलं की डॉक्टरांना ते आधी खरवडावं लागतं, आणि लेकराला ती दुसरी शिक्षा होते. मग स्वच्छ सुती कापड सैल झाकून निघा. फोड आला असेल, भाग लेकराच्या तळव्याहून मोठा असेल किंवा चेहरा, हात, पाय, सांधे, शूची जागा यांपैकी काही भाजलं असेल तर घरी थांबू नका. १०८ ला फोन लावा, पाणी ओतणं चालू ठेवून.

आता "लक्ष ठेवलं की झालं". एक मावशी एकाचा लंगोट बदलत असते, त्या दोन मिनिटांत बाकीच्यांवर लक्ष कोणाचं? तिथे मांडणीच कामाला येते. पत्र्याच्या कूलरचंच बघा. पंपाची वायर सोलली आणि अर्थिंग नसलं की सगळा पत्रा करंट मारतो. एमसीबी, म्हणजे बोर्डातला जास्त करंट वाहिला की आपोआप पडणारा खटका, तेवढ्यावर पडत नाही, कारण ती वायर जळू नये म्हणून असते. लेकराला वाचवते ती ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे अंगातून जमिनीत थोडा करंट गळला तरी लगेच वीज तोडणारा खटका. तिचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबून बघा. कूलर खिडकीबाहेर बसवा, आणि पाणी भरताना बटण बंद करून भागवू नका, प्लगच काढा.

वहीबद्दल तुमचं माझं पटणार नाही, तरी सांगते. एका ओळीत एवढंच लिहा: वेळ, जागा, कशावरून पडलं, डोक्याला लागलं का, आईला कधी कळवलं. समजा ३ वाजता पलंगावरून पडलं, थोडं रडलं, खेळायला लागलं. ६ वाजता आई घेऊन गेली, तिला कोणी सांगितलं नाही. रात्री दोनदा उलटी झाली तर ती म्हणेल, उन्हात काहीतरी बाधलं, आणि साखरपाणी देत बसेल. डोक्याला मार लागल्यावर पुन्हापुन्हा उलटी, उठवूनही नीट न उठणं, झटका, कानानाकातून पाण्यासारखा स्राव, यांपैकी काहीही दिसलं तर त्याच क्षणी मेडिकल, मेयो या आपल्या सरकारी दवाखान्यांपैकी जे जवळ असेल तिथे पोचायचं असतं. हे पुढचे दोन दिवस बघायचं असतं, आणि त्यातली पहिली रात्र पाळणाघरात जात नाही, घरी जाते. म्हणून ती ओळ वहीतून फाडून आईच्या हातात द्या, कार्बन कॉपी तुमच्याकडे ठेवा.